आबाजीची हाळी

सोनबा मारकड फार हळू बोलतो. समोरच्याला कान पुढं करून ऐकावं लागतं. इंदापूरच्या जंगल कचेरीत त्याच्या पाठीमागं त्याला 'मुका मारकड' म्हणतात, आणि नव्यानं लागलेली पोरं आपापसांत सांगतात की ह्याच्या घशाला काहीतरी रोग आहे. रोगबिग काही नाही. त्याच्यासारखा गळा मी उभ्या जन्मात दुसरा ऐकला नाही. तो त्यानं मिटून का घेतला हे मला ठाऊक आहे, कारण ते घडलं तेव्हा तो आणि मी एकाच छपराखाली राहत होतो.

हे एकोणीसशे पस्तीसच्या आसपासचं. मी कळंबच्या शाळेत मास्तर होतो. बायकापोरं बारामतीला, आणि मी द्वारकाबाई माळणीच्या मळ्यातल्या दोन खोल्यांपैकी एकीत. द्वारकाबाई कालव्याच्या पाण्यावर वांगी-मिरच्या काढायची आणि बैलगाडीनं बारामतीच्या बाजाराला धाडायची. शेजारची खोली रिकामी होती, आणि ती तशीच राहावी अशी माझी मनापासून इच्छा होती, कारण मला शेजाराची आवड नाही. पण एक दिवस भर उन्हात एक पोरगा डोक्यावर पत्र्याची ट्रंक घेऊन दारात उभा राहिला. अंगात खाकी कोट, तोही दुसऱ्या कुणाच्या मापाचा. बाह्या बोटांवर आलेल्या. कळंबच्या वरच्या अंगाला सरकारी कुरण होतं, त्यावर नवा गार्ड नेमला होता तो हा.

ट्रंक खाली ठेवल्यावर त्यानं पाणीसुद्धा मागितलं नाही. दंडाजवळ नाक नेऊन हुंगलं आणि मला विचारलं, "मास्तर, माझ्या अंगाला वास येतो का?"

मी म्हटलं, "घामाचा येतो. उन्हातून चालत आलास, चंदनाचा कुठून येणार?"

"घामाचा चालतो," तो म्हणाला आणि त्याचा जीव भांड्यात पडला.

ह्या प्रश्नाचा उलगडा मला हळूहळू झाला. सोनबा धनगराचा. बाप आबाजी, आई म्हाळसा. घर म्हणायला कळंबजवळच एक खोपट, पण वर्षातले कितीतरी महिने सगळं बिऱ्हाड घोड्याच्या पाठीवर. ह्या लोकांच्या तोंडी 'वाडा' म्हणजे दगडी भिंतींचा नव्हे. चार घरची माणसं, त्यांची मेंढरं, घोडी, कुत्री आणि कोंबड्या मिळून एके जागी उतरली की झाला वाडा. दिवाळीनंतर हा वाडा घाटाकडं निघायचा आणि पावसाळ्याच्या तोंडाला परतायचा. आबाजीनं ह्या एका पोराला मेंढरांमागं न लावता बारामतीला शिकायला ठेवलं. शिकून मोठा व्हावा वगैरे काही त्याच्या मनात नव्हतं. त्याचा सगळा जन्म कुरणाच्या गार्डापुढं पागोटं हातात धरून उभं राहण्यात गेला होता. मेंढरू नुसतं कुरणाच्या कडेनं चाललं तरी आईबापावरून शिव्या. "एक पोरगं तरी कुरनाच्या त्या बाजूला उभं ऱ्हाऊ दे," एवढंच त्याचं म्हणणं.

बारामतीच्या बोर्डिंगात पोरांनी आल्या आल्या सोनबाचं अंथरूण उचलून दाराबाहेर टाकलं. घोंगड्याला मेंढराचा वास मारतो म्हणून. त्याला बघितलं की नाकं धरायची. त्यानं अंग दगडानं घासलं, आईनं दिलेलं घोंगडं ट्रंकेच्या तळाशी कोंबलं आणि थंडीत कुडकुडत निजायला लागला. तरी नाकं सुटेनात. मग एकदा त्यानं गणिताच्या मास्तरांची नक्कल केली आणि सगळं बोर्डिंग पोट धरून हसलं. लोक हसायला लागले की नाक धरायचं विसरतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. माझं विचाराल तर बारामतीत तो एवढंच शिकला. फायनलची परीक्षा पास झाला ती वेगळी.

नक्कल मात्र काय करायचा, बघत राहावं. संध्याकाळी द्वारकाबाईच्या ओट्यावर बसून तो बारामतीचा स्टेशनमास्तर काढायचा, गुळाच्या अडतीतला दलाल काढायचा. एकदा माझीही काढली. ती मला आवडली नाही, पण द्वारकाबाई पदरात तोंड लपवून अशी हसत सुटली की मला मुकाट्यानं बसावं लागलं. पण त्याचं खरं कसब होतं हाळीचं. दिवस मावळताना रानात पांगलेली मेंढरं गोळा करायला धनगर जी लांब साद घालतो ती हाळी. दर घराची निराळी. मेंढरं आपल्या धन्याची हाळी तेवढी ओळखतात. दुसऱ्या कुणी घसा फोडून घेतला तरी गवतातून मान वर करत नाहीत. सोनबाला लहानपणापासून वाड्यावरच्या सगळ्यांच्या हाळ्या यायच्या. त्याच्या आईचा भाऊ रामहरी, त्याची हाळी म्हणजे आधी खोकला, मग एक लांबलचक 'हुर्रर' आणि शेवटी तोंडातल्या तोंडात एक शिवी. सोनबा ती खोकल्याशिवीसकट द्यायचा. वाड्यावरची माणसं हसून हसून लोळायची म्हणे, आणि सगळ्यांत जास्त हसायचा खुद्द रामहरी.

"आणि तुझ्या बापाची?" मी एकदा विचारलं.

"ती न्हाय काढत."

"का बरं?"

"ती घरची हाय, मास्तर."

एरवी तो माझ्याशी शाळेतलं शुद्ध बोलायचा. ते त्या वेळी त्याला जमलं नाही.

कुरण त्या दिवसांत बंद असायचं. दसऱ्यापर्यंत गवत वाढू द्यायचं, मग त्याचा लिलाव करायचा, असा खात्याचा शिरस्ता. मधे जनावर आत सापडलं की कोंडवाड्यात. सोनबाची नेमणूक झाली तेव्हा वाड्यानं बकरं कापलं होतं आणि त्याच्या खांद्यावर नवं घोंगडं टाकलं होतं. आबाजीला एवढंच हवं होतं की आता शिव्या थांबतील. बाकीच्यांनी मात्र कुरणच आपलं झालं असं धरून चाललं. सोनबा सकाळी फेरीला जायचा तर रामहरी बाभळीखाली आरामात बसलेला आणि मेंढरं गवतात गळ्यापर्यंत बुडालेली. सोनबानं तोंड उघडायच्या आत तोच म्हणायचा, "ये सोनबा, भाकर खा."

"मामा, मेंढरं बाहेर काढा की."

"व्हय व्हय, काढतोच. तू आदी बस तर."

ज्याच्या मांडीवर खेळला त्याच्यावर डोळे कसे वटारायचे? सोनबा भाकर खायचा आणि मान खाली घालून परत यायचा. एकटा आबाजी तेवढा कुरणाकडं फिरकत नव्हता. पोरगा गार्ड झाला तशी त्यानं आपली मेंढरं कुरणाच्या वाऱ्यालाही उभी केली नाहीत. लांब पळसदेवाकडं, भीमेच्या काठाला चारायला नेली. उगाच कुणाला बोलायला जागा नको, म्हणाला.

भाद्रपदात इंदापूरहून रेंजरसाहेब घोड्यावर आले. माणूस वाईट नव्हता, पण चारचौघांत बोलायची हौस दांडगी. कुरणात हिंडून त्यांनी जागोजाग लेंड्या बघितल्या, खुडलेलं गवत बघितलं आणि चावडीवर सोनबाला उभं केलं. पाटील होते, गावची मंडळी होती, पोस्टाचं काम होतं म्हणून मीही होतो.

"मारकड, सरकारनं तुला राखायला ठेवलंय की पाहुणचार घ्यायला?"

चावडी हसली.

"चूक माझीच म्हणा," साहेब मंडळींकडं वळून म्हणाले. "मेंढरांपासून कुरण राखायचं आणि माणूस नेमला तोही मेंढरांच्याच घरचा."

आणि त्यांनी खिशातून रुमाल काढून नाकाला लावला. वावटळ येऊन धूळ उडाली होती म्हणून लावला. मी शेजारीच होतो, मलाही ठसका लागला. पण सोनबानं बघितला तो रुमाल. त्याचा चेहरा असा काळा पडला की मला दुसरीकडं बघावं लागलं. जाताना साहेब सांगून गेले, लिलावाच्या दिवशी गवत उभं दिसलं नाही तर अंगातला कोट काढून घेईन.

त्या दिवशी तो जेवला नाही. खोलीच्या उंबऱ्यावर कोटाची बाही चाचपत बसून राहिला. "कोट गेला तर आबाला काय तोंड दाखवू, मास्तर?" म्हणाला. मी माझ्या स्वभावाप्रमाणं त्याला दोन शब्द सुनावले, की नोकरी करायची तर मामा-काका विसरावे लागतात, चार वेळा आवाज चढवावा लागतो. त्यानं मान हलवली.

पण नुसत्या आवाजानं भागण्यातलं नव्हतं. साहेब रागावून गेल्याचं वाड्यावर कळलं, तसे धनगरही सावध झाले. मेंढरांच्या गळ्यातल्या घंटांत लोकरीचे बोळे कोंबायचे, म्हणजे वाजत नाहीत. गार्ड कुरणाच्या ह्या टोकाला असला की मेंढरं त्या टोकाच्या बाभळींत. सोनबा दिवसभर पायपीट करायचा आणि हाती लेंड्यांशिवाय काही लागायचं नाही. कुठं गेली असतील हे त्याला नेमकं कळत होतं, घंटेतले बोळे लहानपणी त्यानंही कोंबले होते. पण तो पोचेपर्यंत मेंढरं पुढं सरकलेली असायची.

एका संध्याकाळी मी पाय मोकळे करायला निघालो होतो. कुरणाच्या दाराशी सोनबा उभा दिसला, म्हणून थांबलो. आत सगळं शांत. पाखरांचा आवाज तेवढा. सोनबानं इकडंतिकडं बघितलं, गालाशी हात नेला आणि खोकला. मग लांबलचक 'हुर्रर'. मग ती शिवी.

लांबच्या बाभळींतून मेंढरं निघाली. एकामागून एक, घाईघाईनं, तोंडं आमच्याकडं करून. त्यांच्यामागं खरा रामहरी पागोटं सावरत धावत होता आणि खोकत खोकत तीच हाळी देत होता. आता दोन रामहरी झाले, आणि मेंढरांनी मोठ्या आवाजाचा पत्करला. रामहरीनं हाळी दिली की ती क्षणभर थबकायची, सोनबानं दिली की पुन्हा निघायची. मला इतकं हसू आलं की मी दाराच्या खांबाला धरून उभा राहिलो. सोनबा हसला नाही. तो वळून गावाकडं चालू लागला आणि मेंढरं आपल्या पायांनी त्याच्यामागून कोंडवाड्यात गेली. रामहरी शेवटी चालत होता.

कोंडवाड्याच्या फाटकाशी आल्यावर रामहरी एवढंच म्हणाला, "गळा झ्याक हाय तुजा, सोनबा."

त्यानंतर रीतच पडली. आज हा, उद्या तो. सोनबा दाराशी उभा राहून ज्याची त्याची हाळी द्यायचा आणि ज्याची त्याची मेंढरं चालत येऊन कोंडली जायची. गावाला फुकटची करमणूक झाली. लोक संध्याकाळी मुद्दाम बघायला जायचे. थोड्याच दिवसांत कुरणात मेंढरू दिसेना आणि गवत कमरेला लागलं. पण ओट्यावरच्या नकला त्यानं बंद केल्या. द्वारकाबाईनं आग्रह केला तरी घसा बसलाय म्हणायचा. वाड्यावरच्या बाया मळ्याच्या विहिरीवर पाण्याला यायच्या, त्या हा दिसला की बोलता बोलता गप्प व्हायच्या. एकदा त्यांच्यातल्या एका म्हातारीला त्यानं घागर उचलू लागायला हात पुढं केला, तर ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, सायेब." त्याच्या जन्माच्या वेळी सुईण होती ती. तो आत येऊन भिंतीकडं तोंड करून पडला, आणि मला वाटतं, आपण काय करून बसलो हे त्याला तेव्हाच कळलं होतं. पण लिलाव तोंडावर आला होता आणि कोट टिकवायचा होता.

दसऱ्यानंतर लिलाव झाला. कुरणाच्या चौकीपुढं सतरंजी अंथरली होती. साहेब होते, पाटील होते, बारामतीहून गवताचे व्यापारी आले होते. शाळेला सुट्टी होती म्हणून मलाही बोलावणं होतं. सावळाराम नावाच्या व्यापाऱ्यानं गवत घेतलं. चांगल्या भावानं गेलं म्हणून साहेब खुशीत होते. चहा फिरला, उन्हं कलली, तसे ते म्हणाले, "मारकड, तुमची ती विद्या जरा ह्या मंडळींना दाखवा." भाद्रपदातल्या 'तू'चं आता 'तुम्ही' झालं होतं.

सोनबानं रामहरी काढला. मंडळींच्या कपांतला चहा सांडला. मग आणखी एक, मग आणखी. प्रत्येक माणसाची खोड तो चिमूटभर वाढवून दाखवायचा आणि हशा पिकायचा. सावळाराम डोळे पुसत होता. साहेबांनी हात धरून सोनबाला आपल्याजवळ बसवलं. कुणी नाक धरलेलं नव्हतं. कितीतरी दिवसांनी मी त्याचा चेहरा मोकळा झालेला बघितला.

"आणि तुमच्या वडलांची?" साहेबांनी विचारलं.

सोनबा म्हणाला, "ती राहू द्या, साहेब."

"का? बापाची लाज वाटते की काय?"

साहेब थट्टेत बोलले. मंडळी पुन्हा हसली. पण दुसऱ्या कुठल्याही शब्दानं झालं नसतं ते ह्या शब्दानं झालं. हाळी न द्यावी तर बापाची लाज वाटते असं चारचौघांत ठरणार, आणि द्यावी तर ती घरची होती. मी त्याच्याकडं बघत होतो. तो रडकुंडीला आला होता. शेवटी तो उठला, आमच्याकडं पाठ केली आणि कुरणाकडं तोंड करून तोंडाशी हात नेले.

आबाजीची हाळी बसक्या आवाजात सुरू व्हायची, हळूहळू चढायची आणि शेवटी वरच राहायची, आलास का रं, असं कुणाला विचारल्यासारखी. सोनबानं तिच्यात काही वाढवलं नाही. होती तशी दिली. कुणी हसलं नाही. सावळारामसुद्धा कप हातात धरून ऐकत राहिला.

आणि कुरणालगतच्या ओढ्यापलीकडून घंटा वाजल्या. बोळे न कोंबलेल्या, उघड्या घंटा. मग लांबवर गवत हललं. पिकून पिवळं पडलेलं ते गवत मधोमध फाटत आमच्याकडं येऊ लागलं आणि चौकीपुढं मेंढरं बाहेर पडली. सगळ्यांत पुढं एक म्हातारी मेंढी होती. तिनं येऊन सोनबाच्या लांब बाहीत तोंड खुपसलं.

आबाजी त्याच दुपारी पळसदेवाकडून आला होता. ओढ्यापलीकडं द्वारकाबाईचं बाजरी काढलेलं रान होतं, तिनं ते खतासाठी मेंढरं बसवायला दिलं होतं. घाटाकडं निघायच्या आधी लेकाला डोळ्यांनी बघावं म्हणून म्हाळसाचाच हट्ट. सोनबाला ह्यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तर त्यानं जीभ तोडून घेतली असती, पण हाळी दिली नसती.

मेंढरं सरळ कुरणातून आली. आबाजी मात्र बांधाबांधानं वळसा घालून आला; कुरणात पाय टाकायचा नाही हे त्यानं त्या घाईतही सोडलं नाही. धापा टाकत आला आणि सवयीनं पागोटं काढून हातात धरलं. आपली हाळी दुसऱ्याच्या तोंडून ऐकून आला होता तो. त्यानं साहेबांकडं बघितलं, मंडळींच्या हातांतल्या कपांकडं बघितलं, आणि मग लेकाकडं. त्याला काही विचारावं लागलं नाही.

"साहेब, हे गवत आता माझं झालंय," सावळाराम उभा राहत म्हणाला. "केवढा पट्टा तुडवला बघा."

साहेब ओशाळले. "अहो, मीच सांगितलं त्याला. चुकून झालं. जाऊ द्या, सोडून द्या."

"न्हाय सायेब," आबाजी म्हणाला. "मेंढरं कुरनात शिरली. कोंडवाड्यात घालतो."

"तुमचा काही दोष नाही, बाबा."

"मेंढरांचाबी न्हाय. त्यास्नी हाळी आली, ती आली. पर रामहरीची कोंडली तशी माजीबी कोंडाया पायजेत. गार्डाच्या बाची सोडली म्हनून उद्या बोभाटा व्हईल आन् पोराची नोकरी जाईल."

आबाजी मेंढरांना वळवू लागला, पण त्यानं हाळी दिली नाही. काठीनं हाकलू लागला, परक्या माणसानं हाकलावं तसं. मेंढरं हलेनात. सोनबाच्या पायांत घोटाळत राहिली. त्याच्याजवळ हाळी होती ना. आबाजीनं म्हाताऱ्या मेंढीच्या पाठीत काठी घातली तरी तिनं बाहीतून तोंड काढलं नाही. तेव्हा सोनबानं बाही ओढून घेतली, पळत चौकीत शिरला आणि आतून दार लावून घेतलं. मेंढरं थोडा वेळ दाराशी घुटमळली, मग आबाजीपुढं चालू लागली. मला त्या पोराची कीव आली आणि सगळ्या मंडळींचा, चहाचा, सतरंजीचा मनस्वी राग आला. मी कुणाचा निरोप न घेता घरी आलो.

सोनबाची नोकरी कायम झाली. तसा हुकूम आला, तो त्यानं न वाचताच फळीवर ठेवला. त्या दिवशी त्यानं ट्रंकेच्या तळाचं जुनं घोंगडं काढलं आणि पांघरून निजला. सकाळी माझ्याजवळून गेला तेव्हा त्याच्या अंगाला मेंढराचा वास येत होता. त्यानं मला काही विचारलं नाही.

दिवाळी झाली आणि वाडा हलायची वेळ आली. सोनबा माझ्या दाराशी येऊन म्हणाला, "मास्तर, वाड्यावर जाऊन येऊ. एकट्यानं जायला पाय होत नाही." मी शिव्या खायची तयारी ठेवून निघालो. त्यानं कोट घातला नव्हता.

वाडा ओढ्याच्या काठाला उतरला होता. शिव्या कुणीच दिल्या नाहीत. "मास्तरांस्नी बसाया घोंगडं टाका," आबाजी म्हणाला. रामहरीनं मला तंबाखू दिली. म्हाळसानं शेळीच्या दुधाचा चहा केला. आबाजी लेकाला जेवणाखाण्याचं विचारत होता, साहेब बरा वागतो का विचारत होता. सगळं व्यवस्थित चाललं होतं, पाहुण्याशी चालतं तसं. सोनबा मान वर करत नव्हता. कुणी उठून दोन मुस्काटात दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं.

दिवस मावळला. मेंढरं समोरच्या माळावर पांगलेली होती. चार घरची मेंढरं, आणि एकही माणूस उठत नव्हता. त्या भागात लांडग्यांचा उपद्रव. कुत्री अस्वस्थ होऊन माळाकडं तोंड करून भुंकत होती. आबाजी काठीनं मातीत रेघा ओढत बसला होता. रामहरी उगाच दोर वळत होता. मला असल्या वेळी राहवत नाही. मी म्हटलं, "आबाजी, अंधार पडायला आला. मेंढरं गोळा करायची नाहीत का?"

मग म्हाळसा चुलीपासून उठली आणि सोनबाच्या मागं येऊन त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

"बाळा, तू नीघ आता."

"जेवून जातो की, आई."

"भाकर बांधून दिती. मेंढरं बोलवायची हायेत. समद्यांनी नवी हाळी बसवलीया, मीठ चारून चारून शिकवलीया मेंढरांस्नी. तू हितं हायेस तवर कुनी द्यायचं न्हाय."

तिनं ते रागानं म्हटलं नाही. डोक्यावरचा हातही काढला नाही. सोनबा उठला, बापाच्या पाया पडला. आबाजीनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाला, "नोकरी संबाळ." म्हाळसानं भाकरीचं फडकं दिलं आणि आम्ही निघालो.

ओढा ओलांडला तसा सोनबा झपाझपा चालायला लागला. वाट खाचखळग्यांची, माझी वहाण तुटायला झालेली, मी मागं पडलो आणि वैतागून म्हणालो, "अरे, कुणी मागं लागलंय का तुझ्या? हळू चाल."

तो थांबला नाही. दोन्ही कानांवर हात दाबून धरले होते, भाकरीचं फडकं कोपराशी लोंबत होतं.

"चला मास्तर, भरभर चला," तो म्हणाला. "एकदा कानावर पडली तर मला यील ती."